वंदनाताईंचे हात

आमच्या वंदनाताई लग्नाच्या रिसेप्शनलाही दोन्ही हात छातीशी जुळवून, कोपरं अंगाला चिकटवून, भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. धरमपेठेतल्या एका लग्नात नवरीच्या बापाला वाटलं, या बाई आपल्याला केव्हाचा नमस्कार करताहेत. त्याने तीनदा उलट नमस्कार केला, चौथ्यांदा गोंधळून पाया पडला. ताई म्हणाल्या, "सुखी राहा. पन जरा दुरून जा."

त्या माझ्या दवाखान्यात सिस्टर आहेत. मी जनावरांचा डॉक्टर, दवाखाना मनीषनगरात. कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं मी करतो असं पाटीवर लिहिलंय, पण जनावराला भूल चढल्यापासून ते पुन्हा मान उचलेपर्यंत राज्य ताईंचं. ऑपरेशनसाठी हात धुतले की ते कंबरेखाली जाऊ द्यायचे नाहीत आणि कशालाही लावायचे नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो दवाखान्यात पाळतो. ताई तो नागपूरभर पाळतात.

"जनावरायले बी सिस्टर लागते काय?" असं कुणी हसून विचारलं की त्या विचारतात, "काहून? त्यायले माय नसते काय?"

त्यांचा सगळा ग्रंथ एका वाक्यात मावतो: "शंका आली का गेलं." चिमटा निळ्या कापडाच्या काठाला लागला की नाही लागला? गेलं. नवा चिमटा. माझा चष्मा घसरला आणि मी मनगटाने वर ढकलला? "गेलं, डॉक्टर. हातमोजे बदला." पाणीपुरीवाल्याने कान खाजवला तेव्हा त्या रस्त्यावर एवढ्या मोठ्याने "गेलं!" म्हणाल्या, की तो बिचारा गाडीवरून काय पडलं ते खाली वाकून शोधू लागला.

एकदा मी चेष्टेत म्हणालो, "ताई, तुमचं सोवळं माझ्या आजीपेक्षा कडक आहे."

ताई कापसाचे बोळे मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "सोवळं मानूस पाहून असते, डॉक्टर. माह्या आज्याले ते चांगलं माहीत होतं. हे मानूस नाही पाहत. तुमचा हात लागला तं गेलं, माहा लागला तं बी गेलं."

त्यानंतर मी तो विनोद पुन्हा केला नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय ताईंचं चित्र पुरं होत नाही, आणि माझंही.

आमच्या मागच्या गल्लीत बोरकरकाका राहतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन, बायको गेलेली, घरात ते आणि एक लालसर गावठी कुत्री. रंगावरून तिचं नाव तर्री. तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन मी करत होतो. त्याच दुपारी रामटेकला मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. पोटात नीट दिसेना म्हणून मी दिवा ओढला, आणि मोज्याची बोटं दिव्याच्या उघड्या दांड्याला लागली.

ताई तेव्हा सलाइनची बाटली बदलत होत्या. पाठ माझ्याकडे. त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. मोजे बदलायला दोन मिनिटं लागतात. मी बदलले नाहीत.

साक्षगंधाला वेळेवर पोचलो. जेवण चांगलं होतं.

चौथ्या दिवशी तर्री तापाने फणफणत आली. टाक्यांतून पू येत होता. पुढे दोन टाके सुटले. काका तिला चादरीत धरून उभे होते आणि मी अँटिबायोटिकचं नाव लिहीत होतो, तेवढ्यात ताई पुढे आल्या.

"काका, चूक माही आहे. माह्याच औजाराच्या गाठोड्यात काही राहून गेलं असन."

मी मान वर केली नाही. लिहीत राहिलो. औषधाचं नाव काही एवढं लांब नव्हतं.

त्या दिवसापासून ताईंनी निर्जंतुक करायच्या यंत्राशी वैर धरलं. "खरं सांग, वाफ पुरी देऊन राहिला का नाही?" असं त्याला विचारायच्या. पाकिटांवरच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या उन्हात नेऊन पाहायच्या. बांधलेली सगळी गाठोडी सोडून पुन्हा धुतली, पुन्हा वाफवली. आणि रोज संध्याकाळी काम संपलं की पिशवीत बँडेजच्या पट्ट्या घेऊन बोरकरकाकांकडे जायच्या, तर्रीची जखम धुवायला. सहा आठवडे. जखम भरली.

मला वाटलं, आता मिटलं. मग दोन महिन्यांनी एका दुपारी ताई म्हणाल्या, "डॉक्टर, पुढच्या महिन्यापासून दुसरी सिस्टर पाहा. माह्या हाताचा मलेच भरोसा नाही राहिला."

तेव्हा त्या मागच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. ऑपरेशन झालेलं प्रत्येक जनावर तिथे सतरंजीवर ठेवतात आणि ताई शेजारी बसतात. मोजे काढून, उघड्या तळहातावर त्याची हनुवटी घेऊन. ते गिळेपर्यंत, मान उचलेपर्यंत उठत नाहीत. त्या दिवशी एक म्हातारा पामेरियन होता. मी समोर जमिनीवर बसलो. मी विचारलं, "तुम्ही प्रत्येकापाशी एवढा वेळ का बसता? यंत्र लावलेलं असतं की."

"माहं ऑपरेशन झालं होतं नं, तर्रीचं झालं तेच, गर्भाशयाचं. डोळे उघडले तं वर फक्त पंखा होता. लय वेळ पाह्यला मी त्या पंख्याकडे." त्यांनी कुत्र्याची मान सारखी केली. "कोनी एकटं जागं नाही व्हावं."

मग मी सांगितलं. दिवा, बोटं, फोन, साक्षगंध, सगळं.

ताई कुत्र्याच्या छातीकडे बघत होत्या, श्वास मोजत असाव्यात.

"त्यानंच झालं असन असं नाही," मी म्हणालो. "जखम कशानेही..."

"पन शंका आली होती नं तुमाले?"

"आली होती."

"मंग?"

पुढचा शब्द मलाच म्हणायचा होता. "गेलं," मी म्हणालो.

पामेरियनने गिळलं. ताईंनी त्याचा कान चोळला. "बिचाऱ्या मशीनले काय काय बोलली मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "काकाले तुमीच सांगा. तुमच्या वाटचं मी नाही सांगनार. आन उद्या साडेनवाले मांजर आहे. मोज्यायचे दोन जोड काढून ठेवीन."

रविवारी संध्याकाळी मी बोरकरकाकांकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं. काका ऐकत राहिले.

"दोन मिनिटं लागत होते, डॉक्टर?"

"दोन मिनिटं."

त्यांनी तर्रीच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेचा मी धनी होतो, म्हणून हललो नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, जरा घाबरून, "म्हंजे चूक ताईची नव्हती. मंग आता ताई येनं बंद तं नाही नं करनार?"

"जखम तर दोन महिन्यांपूर्वीच भरली, काका."

"हाव. माहीत आहे मले," काका म्हणाले. "तरी येतात."

फाटक वाजलं. तर्री धावत गेली. ताईंनी मला पाहिलं, मान डोलावली आणि पायरीवर बसल्या. पिशवीत पट्ट्या नव्हत्या, संत्री होती. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले, गुडघ्यांच्याही खाली, आणि तर्री ते चाटू लागली. तळवे, बोटं, नखं.

मी वाट पाहिली. ताई "गेलं" म्हणाल्या नाहीत.