दिवे घालवणारे डॉक्टर निमकर

गाझियाबादेत लाइट गेली की आमची अख्खी सोसायटी वीज खात्याचा उद्धार करायची. एकटे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर निमकर खूश. "बिल्कुल सही! आता नीट दिसेल," म्हणत जिन्यात येरझाऱ्या घालायचे. अंधारात काय दिसणार, कपाळ? वॉचमन त्यांना 'अँधेरेवाले डॉक्टर साहब' म्हणायचा.

भाजलेल्या रुग्णांचे सर्जन. दोन मिनिटं एका जागी टेकतील तर शपथ! चहाचा कप घेऊन आमच्या घरभर फिरणार आणि जाता जाता आमचेच दिवे घालवणार. त्यांच्या ऑपरेशन थिएटरात परदेशी कॅमेरा आला होता. भजी तळणाऱ्या माझ्या बायकोला त्यांनी तो चारदा समजावला. "वहिनी, शिरेतून हिरवा रंग सोडायचा. लाइट बंद. रक्त पोचतं तेवढं पडद्यावर उजळतं. काळं राहील तेवढंच कापायचं!" भजी करपली.

दिवाळीच्या तोंडावर मी अक्कल पाजळली. आमचा आकाशकंदील सगळ्यांत उंच दिसावा म्हणून लोखंडी पाइपला बांधून गच्चीबाहेर काढला. आमच्या बिल्डिंगला खेटूनच हाय टेन्शनची तार होती; पाइप तिला टेकला. वाचलो, पण उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली. मी ड्राफ्ट्समन. हातानं नकाशे काढून पोट भरणारा.

चौथ्या दिवशी ऑपरेशन. हात बधिर केला होता, मी मात्र टक्क जागा. ज्युनियर डॉक्टर पुटपुटला, "सर, तीनों जाएँगी."

"लाइट बंद!" निमकर ओरडले.

पडद्यावर माझा तळहात उजळला. बोटं काळीच. निमकरांचा पाय फरशीवर आपटत होता. "रुको यार, रुको." मग एक बोट हळूहळू उजळलं. मग दुसरं. मी लहान मुलासारखा रडलो. करंगळी तेवढी गेली.

भाऊबीजेला माझी बहीण वॉर्डात येऊन ओवाळून गेली, तेव्हा निमकर दारातच उभे होते. मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही नाही गेलात बहिणीकडे?"

ते स्टुलावर बसले.

"ताईचा हात भाजला तेव्हा मी शिकाऊ होतो. गावच्या दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं आणि चार बोटं काढली. त्यातलं एखादं जिवंत होतं का, आता कोण सांगणार?"

त्यांनी माझ्या हाताची पट्टी उगाच सारखी केली.

"डाव्या हातानं ओवाळते हो ती. कुंकू वाकडं लागतं. तर मलाच म्हणते, 'रागावू नकोस हं.' कसा जाऊ?"