विनायकरावांचा ताफा

गाडी चालवावी तर सातारकरांनीच, असं विनायकराव धायगुड्यांचं ठाम मत होतं. चंदीगडला बदली होऊन दोन वर्षं झाली तरी ते तसूभर हललं नव्हतं. त्यामुळे बढतीच्या मुलाखतीसाठी सिमल्याला जाताना ऑफिसचा ड्रायव्हर गुरनाम सिंग पहिल्याच वळणावर मान मागे वळवून त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करू लागला, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

"अहो, सामने बघो, सामने."

"फिकर ना करो साबजी. ब्रेक कल ही ठीक कराई है."

म्हणजे परवापर्यंत ब्रेक नव्हता! विनायकरावांनी गुरनामला शेजारी बसवलं आणि स्टिअरिंग स्वतः धरलं. मुलाखत दोनला होती. ही हुकली की निवृत्तीपर्यंत तेच टेबल आणि तीच फायलींची धूळ.

खंबाटकी घाट त्यांनी शंभरदा पार केला होता. एसटीत बसून, पण केला होता. पांढरी अँबेसिडर ताशी बारा किलोमीटरनं चढू लागली. मागे बंदूकधारी पोलिसांचा ट्रक अडकला, त्याच्या मागे बस, आणि बसच्या मागे अख्खा मुलूख. तरी कुणी हॉर्न वाजवेना. याला म्हणतात शिस्त, असं त्यांनी गुरनामला सुनावलं.

शिस्त कसली डोंबलाची. पंजाबातले ते अतिरेक्यांच्या धास्तीचे दिवस. पांढरी गाडी आणि तिच्यामागे बंदुका दिसल्या की कुणीतरी बडा माणूस चाललाय, असंच लोक समजायचे.

पुढच्या नाक्यावरचे पोलीसही तेच समजले. इन्स्पेक्टरनं कडक सलाम ठोकला.

"सर, यहाँ रुकिए मत. खतरा है."

"अहो, मैं तो साधा..."

ऐकतो कोण? सायरनवाली जीप पुढे सुटली आणि ट्रक बंपरला चिकटला. थांबावं तर ट्रक अंगावर, डावीकडे दरी, आणि काटा साठावर. "हा काय चावटपणा आहे?" असं विचारायला विनायकराव गुरनामकडे वळले.

"साबजी, सामने," गुरनाम डोळे मिटूनच म्हणाला.

साडेबाराला ते पोचले. दोन वाजले, तीन वाजले. मुलाखत घेणारे दिल्लीचे साहेब चारला आले, तेही लालबुंद होऊन. बाकीचे उमेदवार अजून वाटेतच होते.

"तीन घंटे नाके पे रोका. किसी वीआयपी के लिए!"

"हद हो गई, सर. शरम नहीं इन लोगों को," विनायकराव म्हणाले, आणि ते अगदी पोटतिडकीनं म्हणाले.

"आप अकेले टाइम पे आए? इस रास्ते से? ड्रायवर अच्छा होगा."

इथे गप्प बसायला हवं होतं.

"ड्रायवर कसला, सर. गाडी मैंने चलाई."

साहेबांचा चेहरा उजळला. बढतीच्या कागदावर तिथल्या तिथे सही झाली. नेमणूक किन्नौरला, कड्याकपारीतल्या बारा साइट्सवर रोजची फिरती, दिमतीला जीप. ड्रायव्हरची जागा मंजूर नव्हती, पण आता तिची गरजही नव्हती.