फ्रिट्झ जेवत नाही

सगळं सुरू झालं ते घरमालकाच्या एका कागदावरून. माझ्या नातीला, उर्जाला, कुत्रा हवा होता. घराच्या कराराला तिकडे मीटफरट्राग म्हणतात. त्यात लिहिलेलं की कुत्रा नको, मांजर नको, दुपारी एक ते तीन आवाज नको. माझ्या लेकाने, सत्यजितने, तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाला, "सापाचं यात काही लिहिलेलं नाही."

(एवढा शिकवून इंजिनियर केला, तो यासाठी. मी शाळेची पायरी चढले नाही, पण त्या कागदात वाघाचंही काही लिहिलेलं नसणार, एवढं मला कळतं.)

दोन हजार सहाचा जून. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला फुटबॉलचा झेंडा, आणि मी कऱ्हाडहून इंगोलश्टाटला येऊन जेमतेम आठ दिवस झालेले. शनिवारी तिघं बाहेर गेले आणि एक काचेची पेटी घेऊन आले. पेटीत बॉल पायथन. म्हणजे अजगरच, पण माझ्या हाताएवढा. घाबरला की स्वतःचा चेंडू करून बसतो. उर्जाने नाव ठेवलं फ्रिट्झ.

आणि पेटी ठेवली कुठे, तर माझ्या पलंगाशेजारी.

"आई, ही खोली शांत आहे, त्याला शांतता लागते," सत्यजित म्हणाला.

शांत होती म्हणूनच मी तिथे झोपत होते. मला काय लागतं हे कोणी विचारलं नव्हतं.

तर हा फ्रिट्झ जेवेना. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. ज्या काट्यावर मी लाडवांचं बेसन मोजलं, त्याच काट्यावर रोज संध्याकाळी त्याचं वजन व्हायचं आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरावर लिहायचं. जेवत मीही नव्हते. तिकडे रात्रीचं गार जेवतात, आबेंडब्रोट म्हणतात त्याला. पाव, चीज, काकडीच्या चार चकत्या. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडली नाही तर ताट सरकवणारा माझा लेक, तो मिटक्या मारत गार पाव खातो. एकदा मी पिठलं टाकायला उठले, तर माझी सून सुरुची म्हणाली, "अहो आई, फोडणीचा वास जिन्यात जातो. वरची फ्राऊ केलर खाली येते बोलायला."

म्हणजे अजगर चालतो, लसूण चालत नाही.

मी पाव कुरतडायचे आणि उठायचे. आपण काही बोलायचं नाही, त्यांचं त्यांना कळेल, असं मी ठरवलं. (तीन आठवडे कळलं नाही.) पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं.

एक दिवस सुरुची म्युनिकहून कामावरून आली आणि दारातच म्हणाली, "बाई गं, किती वाळलाय. पाहवत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. अखेर दिसलं म्हणायचं. मी म्हटलं, "हो ना गं. चार किलो तरी गेलं असेल."

"चार किलो कसं जाईल, आई? तो सगळा मिळून अर्धा किलोचा नाहीये."

मी समोरच्या ताटातली काकडीची चकती उचलली आणि परत ठेवली.

दुकानदाराने एक कबूल केलं होतं, महिन्याभरात जेवला नाही तर परत घेऊ. सत्यजितने उर्जाला बजावलं, "येत्या शनिवारपर्यंत. नाहीतर जाणार." पोरगी रडली. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मला काही करायचंच नव्हतं. शनिवारपर्यंत हाताची घडी घालून बसले की खोली माझी.

गुरुवारी त्यांचा जेवण भरवण्याचा सोहळा झाला. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीला लागून उंदरांची पिशवी असायची, त्यातला एक बाहेर काढून ठेवायचे. उर्जा बॅटरी मारायची, सुरुची फोटो काढायची आणि सत्यजित चिमट्यात उंदीर धरून फ्रिट्झच्या तोंडापुढे नाचवायचा. फ्रिट्झने चेंडू केला.

"एर इस्ट निष्ट, आजी," उर्जा हुंदके देत म्हणाली. जेवत नाही, म्हणत होती.

मी त्या उंदराला बोट लावलं. वरून ओलागच्च, आतून दगड. माझं डोकंच फिरलं.

"अरे, हे असलं गार कोण जेवेल? आणि वर तुम्ही तिघं तोंडाकडे टक लावून. माझ्या लग्नात मला सगळे असेच बघत होते, दोन दिवस घास उतरला नव्हता माझ्या घशाखाली."

"आई, तुला यातलं कळत नाही. मी इंटरनेटवर सगळं वाचलंय."

"मी चार पोरांना आणि तुझ्या बापूंना जेवायला घातलंय."

"बापूंनी कधी उंदीर खाल्ला?"

"बापूंनी काय काय खाल्लंय ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे."

शुक्रवारी संध्याकाळी उर्जाच्या शाळेत कार्यक्रम होता. तिघं गेले. घरात मी आणि तो. मी पेटीकडे पाठ करून बसले. पण शेजारी कोणी उपाशी असलं की मला स्वस्थ बसवत नाही, ही माझी खोड. (या खोडीने माझं आयुष्यभर वाटोळं केलंय.) शनिवारच्या शेवटच्या प्रयत्नासाठी काढलेला उंदीर फ्रिजमध्ये होता. तो पिशवीसकट कढत पाण्याच्या पातेल्यात सोडला. आतपर्यंत ऊब गेल्यावर काढला, सुरुचीच्या केस वाळवायच्या मशीनने न्हाऊ घातलेल्या बाळासारखा कोरडा केला आणि मनगटाला लावून पाहिला, बाटलीतलं दूध पाहतो तसा. मग तो फ्रिट्झच्या बिळाच्या तोंडाशी ठेवला, अख्ख्या पेटीवर माझं काळं इरकल पांघरलं आणि खोलीबाहेर जाऊन बसले. जेवणाऱ्याला संकोच नको.

तासाभराने पदर उचलला. उंदीर गडप. शेपटी तेवढी ओठांतून बाहेर होती, तीही माझ्यादेखत आत गेली.

"आणखी वाढू का?" मी विचारलं. सवयीने.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की उद्या शनिवार आहे आणि मी हे काय करून बसलेय.

तिघं परत आले आणि फ्रिट्झचं फुगलेलं पोट बघत राहिले. मला काही माहीत नाही म्हणून मी हात वर करणार होते, पण केस वाळवायचं मशीन पलंगावरच राहिलं होतं. उर्जा माझ्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तू भारी आहेस." सुरुचीने ते मशीन दोन बोटांनी उचललं आणि पुढे चार दिवस ओल्या केसांनी म्युनिकला गेली. पेटी माझ्या पलंगाशेजारीच राहिली. नंतर दोनदा सत्यजितने भरवून पाहिलं, फ्रिट्झने चेंडू केला. मी भरवलं की जेवायचा.

निघायला आठवडा उरला तेव्हा सत्यजित माझ्याशेजारी येऊन बसला. "आई, तुझं तिकीट महिनाभर पुढे ढकललंय. अजून राहा."

सहा वर्षं तो तिकडे होता. माझी ही तिसरी खेप. "अजून राहा" हे पहिल्यांदा ऐकलं. तीन आठवड्यांचा राग कुठल्या कुठे गेला. डोळ्यांना पदर लावून म्हटलं, "अरे, कशाला उगाच. तिकडे घर बंद आहे."

"नाही गं, बरंच झालं. आम्ही तिघं पंधरा दिवस इटलीला चाललोय. आणि फ्रिट्झ तुझ्याच हातचं खातो ना."

पदर तिथेच राहिला. काढायचा की ठेवायचा ते मला कळेना.

इटलीला निघताना सुरुची दारातून परत वळली. "आई, उंदीर फ्रीझरमध्ये वरच्या खणात आहेत. त्याला आठवणीने गरम करूनच द्या हं, गार नका देऊ. आणि तुमची काहीच खटपट नको. तुमचा पाव आणि चीज फ्रिजमध्ये काढून ठेवलंय."