गगनराव रविवारी भेटतील

रविवारी सकाळी माझ्या खोलीवर निदान चार माणसं येणार होती! मी नेहमी कमीत कमी धरतो. माझ्या कथांची एकशे बारा पानं गावात गेली होती. दहातल्या नऊ जणांनी पान न वाचताच चुलीत घातलं असं धरलं, तरी अकरा उरतात; त्यांतले सात आळशी; राहिले चार. चार माणसं, प्रत्येकी एक कप चहा आणि तासभर गप्पा. रनाळ्याच्या सोसायटीत कारकून होऊन मला तीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात माझं दार फक्त एका बकरीनं ठोठावलं होतं. तेही शिंगानं!

कथा कसल्या, तर गगनरावाच्या. गगनराव हा माझा वीर. उपरणं झटकलं की आकाशात उडतो, रेल्वेचं इंजिन एका बोटानं उचलतो, आणि कितीही संकट येवो, शेवटच्या पानावर वेळेवर पोचतो. न पोचणारा वीर मला लिहिताच येत नाही. पुण्याच्या एका संपादकानं नवव्यांदा कथा परत पाठवली, तेव्हा वर लिहिलं होतं, 'आशावाद आवरा.' मी ते प्रोत्साहन समजलो. निदान त्यांनी वाचली तरी!

पण परत आलेली बाडं उशाला घेऊन किती दिवस झोपणार? तेव्हा मला बेत सुचला. माझी खोली जेठमल शेठच्या किराणा दुकानामागेच. गावात साखर, चहा, हळद जाते ती त्यांच्या पुड्यांतून. मी बाडं शेठना फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं : 'पुढील हकीकतीसाठी रविवारी सकाळी जेठमल शेठच्या दुकानामागे भेटा.' कुठल्या मासिकाचा एवढा खप आहे सांगा!

शेठ खूश. म्हणाले, "कारकूनजी, रद्दी तुमची एक नंबर! शाई पक्की आहे, साखरेला लागत नाही."

लेखनाबद्दल मला मिळालेला तो पहिला अभिप्राय.

रविवारी उजाडताच मी खोली झाडली, चहाचं आधण ठेवलं. आठच्या सुमाराला बाहेर पावलं वाजली. दार उघडलं. चार कसले? चाळीस माणसं! मागे दोन बैल, एक लंगडी म्हैस!

"या, या!" माझा आवाज चिरकला. "गगनरावासाठीच ना?"

"त्येस्नाचसाठे!" पुढे आला धुडकू पाटील, हातात तेलकट पान. "कोठे शेतस गगनराव?"

"कसे वाटले तुम्हाला?"

"आजून देखात कोठे? दखाडा ना! मन्हं इंजिन चार दिनपाईन इहीरमा पडेल शे."

मी पान बघितलं. सतरावं. गगनराव एका बोटानं इंजिन उचलतो ते. त्याच्या आधीची सोळा पानं सोळा घरांत, आणि धुडकूच्या हाती फक्त एवढं आणि खाली पत्ता! म्हैसवाल्याकडे पान होतं जखमी हत्तीला बरं करण्याचं. एका म्हातारीनं पान पदरात गुंडाळून आणलं होतं. दोन कोसांवरच्या, नाल्यापलीकडच्या वस्तीवरची तापीबाई. शाळेतल्या पोरानं तिला वाचून दाखवलेलं : 'हरवलेला माणूस जगाच्या टोकाला असो, गगनराव तिसऱ्या दिवशी त्याला घरी आणून सोडतो!' तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी सुरतेच्या गिरणीत गेला होता. पत्र नाही, निरोप नाही.

"अहो, ही गोष्ट आहे! मी रचलेली!" मी ओरडलो. "गगनराव नाहीच!"

मग धुडकूचा चुलतभाऊ दगा हळूच म्हणाला, "मोठा मानूस सोतानं नाव सांगस का कव्हय?"

झालं! चाळीस जोडी डोळे माझ्या उपरण्यावर! ते मी थंडीसाठी घेतलं होतं हो! पण ऐकतो कोण? मला उचलून धुडकूच्या विहिरीवर नेलं. आत पडलेल्या पाणी खेचायच्या इंजिनाला दोर बांधला, चाकावरून घेतला, दगानं आपली बैलजोडी जुंपली, तीस माणसं मागे लागली. मी दोराला बोट लावलं. इंजिन वर आलं!

खरं सांगू? इंजिन जड नव्हतंच. जड होता भावाभावांचा अबोला. बांधाच्या बोरीवरून दोघे दोन वर्षं बोलत नव्हते, म्हणून दगाचे बैल येत नव्हते. त्या दिवशी तो आला चमत्कार बघायला. पण जयजयकार कुणाचा? माझ्या बोटाचा!

मंडळी नाचत धुडकूकडे जेवायला गेली. मागे उरली तापीबाई. माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे बुधवारले."

बुधवारी सोसायटीतून परतलो, तर ती माझ्या ओट्यावर. मुलगा आला नव्हता.

मी घाम पुसत म्हटलं, "तापीबाई, गगनराव कागदावरचा आहे. इंजिन माझ्या बोटानं नाही निघालं."

"माले मालूम शे. दगाना बैलस्नी काढं. मी काय आंधयी शे?"

"मग आलात कशाला?"

"तिसरा दिन तुम्हीच लिखेल शे ना? मंग पुढे काय व्हयनं, ते बी तुम्हीच सांगा."

मी चहा टाकला, वही उघडली आणि गगनरावाला सुरतेच्या वाटेला लावला.

ती आता दर रविवारी येते. दीड वर्ष झालं. गगनराव कधी पुरात अडकतो, कधी वाघाशी झुंजतो, परवा तर रेल्वेच्या बंद फाटकापाशी पूर्ण रविवार उभा होता. उडणारा माणूस फाटकाशी का थांबतो, हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. रस्ता लांब शे."

मी एकदा सुचवलं, "मीच येतो तुमच्या वस्तीवर."

"नको भाऊ. तठे घरमा कोनी नही. आयकाले करमस नही."

तेव्हा शेवटी कुणाच्या पदरी काय पडलं? धुडकूला इंजिन मिळालं, दगाला भाऊ, शेठना त्या गर्दीतलं गिऱ्हाईक. मला ऐकणारं माणूस मिळालं. सुरत एका पानावर आली आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी ते पान लिहीत नाही; लिहिलं तर रविवारी येणार कोण? दोन कोस येणं, दोन कोस जाणं, पाय मात्र तापीबाईचेच झिजतात.