वीस जणींचं नाव फिक्स

दिलेला शब्द पाळणं हाच शिक्षकी पेशाचा पाया आहे, असं प्रा. कमलेश भोये यांचं ठाम मत होतं. या मतावर त्यांनी गुरुपौर्णिमेला वीस मिनिटं भाषणही केलं होतं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यांनी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात जागा देण्याचा शब्द वीस जणींना दिला. संघात जागा बारा होत्या.

भोये सर मोखाड्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर क्रीडाशिक्षक होते. माणूस खोटारडा नव्हता, पोळलेला होता. आदल्या वर्षी त्यांनी नियमाप्रमाणे मोजून बारा मुली घेतल्या. दिवाळी झाली, भात झोडून झालं आणि घरंच्या घरं वसई-भिवंडीकडे कामाला निघाली. सामन्याच्या दिवशी मैदानात चार मुली उरल्या. बास्केटबॉलला पाच लागतात. पंचांनी कागदावर 'संघ अनुपस्थित' असं लिहिलं, तेव्हा तो अनुपस्थित संघ त्यांच्यासमोरच उभा राहून चहा पीत होता.

म्हणून यंदा सरांनी गळती धरून भरती केली. पिंपाला भोक असलं की माणूस पाणी जास्त भरतो, तसं. पोशेऱ्यापासून सूर्यमाळपर्यंतचे पाडे ते फिरले. उंच मुलगी दिसली की तिला बाजूला घ्यायचं आणि हळूच सांगायचं, "तुझं नाव फिक्स. पण कुणाला बोलू नको, बाकीच्यांना वाईट वाटेल." कुणीही कुणाला बोललं नाही. वीसजणी रोज सकाळी सरावाला येत, आणि प्रत्येकीला मनातल्या मनात वाटे, बिचाऱ्या यातल्या आठजणी!

दिवाळी गेली. पहिल्या सोमवारी सर गळती मोजायला मैदानावर गेले. वीस. दुसऱ्या सोमवारी वीस. तिसऱ्या सोमवारी एकवीस भरल्या. एकीनं मावसबहिणीला आणलं होतं. तिला सरांनी, तोंडून काही निघायच्या आत, घरी पाठवून दिलं.

"कुणाच्या घरी काही अडचण असेल तर सांगा," सर आशेनं म्हणाले. "बिनधास्त सांगा. मी समजून घेईन."

"माझ्या घरी होती सर," हर्षदा म्हणाली. हर्षदा सूर्यमाळची. बोलणं कमी, उडी जास्त.

सरांचा चेहरा उजळला. "काय झालं गं?"

"समदे कल्याणला गेलं कामाला. मला पण नेत होतं. म्हणलं, मला म्याच हाय, मी नाय येत. आता चंद्रकलामावशीकडं राहते." मग ती हसून म्हणाली, "अडचण मिटवली सर."

दुपारी वीसजणींतल्या रामीची आई सकू कॉलेजच्या फाटकातच उभी. "ओ मास्तर! पोरीला बघायला पाहुणं येणार व्हतं. मी सांगलं, आधी म्याच, मंग पाहुणं. तुमच्या शब्दावर हां!"

"हो हो, अगदी," सर म्हणाले आणि फाटकाचा आधार घेतला.

सरांचं दुःख कॉलेजात एकट्या देवरामला माहीत होतं. देवराम शिपाई. त्याआधी सहा वर्षं भिवंडीच्या गोदामात काढल्यामुळे त्याला माणसांच्या व्यवस्थापनातलं कळत असे.

"सर, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "घाटात पळवा त्यांना. आठ आपोआप गळतील."

सरांनी दुसऱ्याच दिवशी क्षमता चाचणी जाहीर केली. कॉलेज ते घाटातलं तिसरं वळण आणि परत. ज्या मुली उन्हाळ्यात डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन याहून उभी चढण चढतात, त्या मोकळ्या हातानं कशा थकाव्यात, हा विचार सरांना पहिल्या वळणावर आला. दुसऱ्या वळणावर कुठलाच विचार येईनासा झाला. वीसजणी वेळेत परत आल्या. सर मंगळूच्या भाड्याच्या जीपनं आले.

शेवटची आशा हजेरीची होती. पंचाहत्तर टक्क्यांच्या आत हजेरी असली की नाव आपसूक कटतं, आणि कापणारा नियम असतो, आपण नसतो. सर रजिस्टर मागायला प्राचार्य मॅडमकडे गेले. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"भोये, अहो काय जादू केलीत? वीसच्या वीस मुलींची हजेरी नव्वद टक्क्यांवर! एकही मुलगी कामाला गेली नाही. इतकी वर्षं आम्ही पालक मेळावे घेतोय, उपयोग शून्य. काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"विशेष काही नाही मॅडम," सर म्हणाले. ते खरंच होतं. सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं होतं.

अर्ज भरायच्या दिवशी सर क्रीडासाहित्याच्या खोलीत कडी लावून बसले. त्यांनी खेळ पाहिला, उंची पाहिली, आणि शेवटी ज्यांच्या आया ओरडतील त्यांची नावं आधी घातली. रामीचं सर्वांत वर गेलं. बाराव्या जागेशी पेन अडलं. हर्षदा संघातली सर्वांत चांगली खेळाडू होती. पण घरचे कल्याणला, स्वभाव गरीब. ती भांडणार नव्हती. म्हणून तिचं नाव यादीबाहेर राहिलं. हे कारण सरांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. मुलींना त्यांनी एवढंच सांगितलं, "यादी मैदानावर वाचली जाईल. सगळ्यांनी या."

सामने जव्हारला होते. मंगळूच्या जीपमध्ये नऊ माणसं बसतात, असं आरटीओचं मत आहे. त्या दिवशी वीस मुली, सर, देवराम आणि "मी काय टपावर बशीन" म्हणत आलेली सकू, एवढी मंडळी बसली. मंगळूही रोज नऊ जागांवर वीस जणांना शब्द देई. फरक एवढाच की तो पाळत असे.

मैदानावर पंचांनी अर्ज उघडला आणि खणखणीत आवाजात बारा नावं वाचली. मग कागदाची घडी घातली. आठ मुली घडीकडे बघत राहिल्या. मग बारा आणि आठ एकमेकींकडे वळल्या.

"तुला पण फिक्स सांगलं व्हतं?" रामीनं विचारलं.

"मला तर श्रावणातच," दुसरी म्हणाली.

"मला त्याच्या बी आधी!"

वीस माना सरांकडे वळल्या. सरांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती.

हर्षदा पुढे आली. आवाज चढवला नाही. "सर, मी नाय खेळले तरी चालंल. पण मी थांबले ना. घर रिकामं, मी एकटी थांबले. मंग मी कशाला थांबले, तेवढं सांगा."

सकूनं ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. सरांना वाटलं, त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

तेवढ्यात समोरचा संघ आला. म्हणजे त्यांचे तुषार सर आले आणि मागून तीन मुली आल्या. तुषार सर सरळमार्गी. त्यांनी बारा जागांना बाराच शब्द दिले होते. नऊजणी वीटभट्टीवर गेल्या होत्या. बाकीचे दोन संघ आलेच नव्हते. पंचांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली आणि मोखाड्याचा संघ न खेळता गटविजेता झाला. यादीतल्या बारा मुलींनाही खेळायला मिळालं नाही. आता विसाच्या वीसजणी सारख्याच नाराज होत्या, एवढीच काय ती समता.

हर्षदा तुषार सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, तुमच्याकडं जर्स्या किती हायत?"

"बारा. का गं?"

"आमी आठ हाय. धरा आमाला तुमच्यात."

पंच पालघरहून पहाटे निघून आले होते. "निकाल लागलाय," ते म्हणाले. "पण आलोच आहे तर शिट्टी वाजवतो. मैत्रीपूर्ण सामना!"

असा सामना तालुक्यात झाला नव्हता. यादीतल्या बारा एकीकडे, गळलेल्या आठ आणि पाहुण्या तीन दुसरीकडे. भोये सरांनी चार महिन्यांत एकच डाव शिकवला होता, बॉल रामीला द्या. तो आठहीजणींना पाठ होता. त्यांनी दोघीजणी रामीच्या पुढे-मागे लावल्या आणि बाकीचं मैदान हर्षदाला मोकळं करून दिलं. ती उडाली की सावलीसुद्धा मागं राहायची.

"अगं रामे, धर की तिला!" सकू ओरडली. मग हर्षदानं अर्ध्या मैदानातून बास्केट केलं आणि सकू स्वतःच्या मुलीला विसरून नाचायला लागली. "टाक पोरी! आजून टाक!"

"मावशी, ती आपली नाय आज!" देवराम म्हणाला.

"आपलीच हाय ती! मास्तरला कळली नाय म्हणून काय आपली नाय?"

भोये सर रेषेवर उभे राहून दोन्ही बाजूंना सूचना देत होते. कुणीही ऐकत नव्हतं आणि दोन्ही बाजू चांगल्या खेळत होत्या. चोवीस विरुद्ध सतरा. गळलेल्या मुली जिंकल्या. रामीनं हर्षदाला उचलून घेतलं, पाहुण्या तिघींना बाकीच्यांनी उचललं, आणि सकूनं सगळ्यांसाठी बांधून आणलेल्या नागलीच्या भाकऱ्या वीस अधिक तीन अधिक पंच अशा पुरल्या.

भोये सरांनी उभं राहून घसा साफ केला. "पुढच्या फेरीला यादी नव्यानं भरायची असते. मी आता कुणालाच काही सांगणार नाही. सगळ्यांसमोर निवड होईल. खेळाल त्या जाल. हर्षदा, चालेल?"

"चालंल सर," ती भाकरी मोडत म्हणाली. "कानात नका सांगू, बस."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सरांना गुरुपौर्णिमेनंतर पहिल्यांदाच हलकं वाटलं. त्यांनी पंचांना विचारलं, पुढची फेरी कधी आणि कुठे.

"पंधरा दिवसांनी, पालघरला," पंच बॅग भरत म्हणाले. "यंदा ती तीन-तीन जणींची आहे. राखीव धरून चार नावं पाठवा."