दोन्ही विषय घेणारे गजाननकाका

कुठल्याही काट्यावर टिचकी मारून बघितल्याशिवाय गजाननकाका कदम विश्वास ठेवत नाहीत. भिंतीवरचं घड्याळ, स्कूटरचा पेट्रोलचा काटा, डॉक्टरांचं रक्तदाबाचं यंत्र, सगळ्यांना आधी टिचकी. आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पहिल्याच दिवशी त्यांनी चौदा व्होल्टमीटरना ओळीने टिचक्या मारल्या आणि तीन बाजूला काढून ठेवले.

"हे तीन खोटं बोलतायत, मॅडम."

मी तपासलं. तिन्ही खोटं बोलत होते. गेली चार वर्षं त्याच तिघांवर घेतलेली रीडिंगं मी लाल शाईने बरोबर ठरवत आले होते.

गजाननकाका माझे विद्यार्थी. वय एकसष्ट. शिवाय माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे शेजारी. त्यामुळे आमच्यात एक अलिखित करार आहे. कॉलेजच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम' आणि 'तुम्ही'. बाहेर पडलं की, "काय गो स्नेहल, दूध तापवलंस काय?" फाटकातच उभं राहून बोलायची वेळ आली तर ते बोलतच नाहीत, नुसती मान हलवतात.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त झाले, वर्षभरात काकी गेल्या, आणि खेडजवळचं गाव सोडून ते रत्नागिरीत आले. त्याच वर्षी आमच्याकडे नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. अर्धं फिजिक्स, अर्धं तत्त्वज्ञान, पदवी एकच. प्रवेश घ्यायला पोरं बिचकत होती. दोन दगडांवर पाय ठेवून पडायचं कुणी? पहिला अर्ज आला तो गजाननकाकांचा. कारण विचारलं की दर वेळी वेगळं सांगत. मला म्हणाले, "वेळ जात नाय." प्राचार्यांना म्हणाले, "वाचनालयात पंखा चांगला हाय." आणि तत्त्वज्ञानाच्या देसाई सरांना म्हणाले, "कारण असायलाच हवं, असं कुणी सिद्ध केलंन काय?" सर त्याच दिवशी त्यांच्या प्रेमात पडले.

प्रेम फार टिकलं नाही, कारण काका फिजिक्सचे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला विचारतात. सर समाधान या विषयावर रंगात येऊन बोलत होते. काकांनी हात वर केला. "सर, अधिक-उणे किती?"

"काय अधिक-उणे?"

"माप सांगितलं की चूक किती धरायची तेही सांगायला लागतं. मॅडमनी शिकवलंन. समाधानी माणूस, अधिक-उणे किती?"

सर स्टाफरूममध्ये येऊन माझ्यावर भडकले. मी त्यांना पाणी दिलं, पण मनातून मला बरं वाटलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी फळ्यावर इलेक्ट्रॉन काढला आणि काका शांतपणे म्हणाले, "हा हाय, असं आपण म्हणतो. पण मॅडम, 'हाय' म्हणजे काय?" त्या तासाला इलेक्ट्रॉन पुढे सरकला नाही.

त्यांची वही एकदा सर्वांनी पाहावी. बॉयलरवर शिफ्ट बदलताना जशी नोंद करतात, तशा त्यात तासाच्या नोंदी असतात. '११.०५ मॅडम आल्या. ११.१२ प्रकाश ही लाट आहे, असे सिद्ध झाले. ११.४० प्रकाश हा कण आहे, असे सिद्ध झाले. ११.५० तास संपला. प्रश्न चालू स्थितीत पुढील शिफ्टकडे सोपवला.' परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातली सगळी मुलं हीच वही झेरॉक्स करतात.

पेपरात मात्र पंचाईत झाली. फिजिक्सच्या एका उत्तराखाली त्यांनी लिहिलं होतं, 'हा नियम माणसालाही लागू पडतो का, ते तत्त्वज्ञानाच्या पेपरात लिहिले आहे. कृपया तिकडे पाहावे.' मी खरंच सरांकडे गेले. तिकडच्या उत्तराखाली लिहिलं होतं, 'आकृती फिजिक्सच्या पेपरात.'

असा हा न घाबरणारा माणूस. प्राचार्यांना घाबरत नाही, परीक्षेला घाबरत नाही, अठरा वर्षांच्या मुलींनी "काका, किती मार्क?" असं ओरडून विचारलं तरी व्हरांड्यातूनच तितक्याच मोठ्याने "सत्तेचाळीस!" म्हणून सांगतो. त्याला मी घाबरलेला पाहिला तो एका रविवारी दुपारी.

प्रकल्पाचे कागद द्यायला मी वर गेले होते. 'मोजणे आणि समजणे' हा त्यांचा विषय. मी आणि देसाई सर दोघंही मार्गदर्शक, म्हणजे तसा तो बिनमार्गदर्शकाचाच प्रकल्प. काका फोनवर होते, फोन स्पीकरवर.

"जेवलात बाबा?"

"जेवलो."

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"बरं. ठेवते हं."

मुलगी वैशाली पुण्याला बँकेत आहे, एवढं मला माहीत होतं. काका फोनकडे बघत बसले. मग म्हणाले, "दर रविवारी अशीच तीन वाक्यं. सगळी बरोबर. एकातही भांडण नाय गो."

मग त्यांनी सांगितलं. वैशाली आमच्याच कॉलेजात होती, माझ्याच लॅबमध्ये, मी इथे नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्या वर्षाला तिने घरी कळवलं की फिजिक्स सोडून तत्त्वज्ञान घेते. काका शिफ्ट संपवून, आंघोळसुद्धा न करता एसटीत बसले आणि थेट होस्टेलवर आले. सगळ्या मैत्रिणींच्या समोर म्हणाले, "तत्त्वज्ञानावर पेज शिजते काय गो?"

"काय म्हणाली ती?"

"काय नाय. आधी मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाय. लोट्याच्या क्वार्टरपासून नाक्यापर्यंत आमचं भांडण ऐकू जायचं. त्या दिवशी 'बरं' म्हणाली. फिजिक्स पुरं केलंन, नोकरी धरलीन. बारा वर्षं झाली, माझ्याशी वाद म्हणून घातलान नाय." त्यांनी मी आणलेल्या कागदांच्या कडा जुळवल्या. "म्हणून दोन्ही विषय घेतले. तिने धरलं ते काय आणि सोडलं ते काय, दोन्ही बघायचं होतं."

"तिला माहितीये?"

"कॉम्प्युटरच्या क्लासला जातो म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, सांगून टाका. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. शेवटी अठ्ठावीस पानी प्रकल्प त्यांनी माझ्यासमोर तिला मोबाइलवर पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. मग फोन पालथा घातला आणि त्यावर उशी ठेवली.

सोमवारी उत्तर नाही. मंगळवारी नाही. बुधवारी देसाई सर मला शोधत आले. "कदमांना बरं नाहीये का? आज मी पूर्ण तास शिकवलं. एकदाही अडवलं नाही त्यांनी." सरांचा चेहरा खरोखर उतरला होता.

गुरुवारी प्रॅक्टिकल चालू असताना त्यांचा फोन वाजला. लॅबमध्ये फोन घेणाऱ्या मुलांना सर्वांत आधी ओरडणारे काकाच. त्यांनी नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बोट केलं. ते व्हरांड्यात गेले, पण फोन नेहमीसारखा स्पीकरवर. आवाज आतपर्यंत येत होता, आणि तो त्यांचा नव्हता.

"पान अकरावर काय लिहिलंयत बाबा हे? साफ चूक आहे!"

"काय चूक?"

"सगळंच! जे मोजता येत नाही ते समजत नाही, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"मी म्हणतो!"

"मग तुम्हाला काहीच कळलेलं नाही!"

वर्गातल्या मुलांनी रीडिंग घेणं थांबवलं. मीही कुणाला काही म्हटलं नाही. पस्तीस-चाळीस मिनिटं ते दोघं भांडत होते. मध्ये एकदा तिचा आवाज खाली आला. तिने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण काकांचं उत्तर आलं.

"तू नको म्हणालीस तर, म्हणून कॉलेजचं नाय सांगितलं."

मग पुन्हा पान अकरा सुरू झालं.

काका आत आले तेव्हा कान लाल झाले होते. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणते, मला तत्त्वज्ञानातलं ओ की ठो कळत नाय." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. "शनिवारी येतेय. समोर बसवून शिकवणार म्हणते."

शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे द्यायला मी वाटीभर खीर घेऊन वर गेले. दाराबाहेर बायकी सँडल होत्या, एक सरळ, एक उपडी, घाईत काढलेल्या. आतून दोघांचे आवाज एकावर एक येत होते. कुणीही कुणाला वाक्य पुरं करू देत नव्हतं.

मी बेलवरचा हात खाली घेतला, खीर उंबऱ्याशी झाकून ठेवली आणि खाली आले.