चारही खोल्यांना शोभेल अशी फरशी

सरोजिनी टिपणीसांच्या बैठकीच्या खोलीतल्या दोन फरश्या मे महिन्यातल्या एका दुपारी फट्‌कन आवाज करून उठल्या आणि एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान अण्णा तेव्हा पेपर वाचत होते. त्यांनी पाय खुर्चीवर घेतले आणि पुढचं पान उलटलं. सरोजिनीबाईंना मात्र आनंद झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

या आनंदाचं कारण होतं संध्या, अण्णांची डोंबिवलीला दिलेली बहीण. भिसेगावातलं हे घर जमेल तसं, एकेक खोली करत पुरं झालं होतं. त्यामुळे बैठकीच्या खोलीला चारी बाजूंनी चार तऱ्हांच्या फरश्या येऊन भिडत. ओटीवर शहाबादी, स्वयंपाकघरात काळा कडप्पा, अण्णांच्या खोलीत लाल ठिपक्यांची मोझॅक आणि आतल्या खोलीत चकचकीत गुलाबी टाइल. दर गौरींना संध्या माहेरी यायची, दारातच थांबायची आणि म्हणायची, "वहिनी, तुझ्या घरात फिरलं ना, की फरशीच्या दुकानात फिरल्यासारखं वाटतं बाई!" सगळे हसायचे. सरोजिनीबाईही हसायच्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात ठेवायच्या. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. यंदा काय वाटेल ते होवो, संध्याचं तोंड बंद करायचं, असं त्यांनी त्या तंबूसमोर कमरेवर हात ठेवून ठरवलं.

"लाकडासारखी दिसणारी टाइल घालायची," त्यांनी जाहीर केलं. "चारही खोल्यांना शोभेल अशी. कुठल्याही दारातून बघितलं तरी एकच घर वाटलं पाहिजे."

"अगं, दोन उठल्यात. दोन बसवून घेऊ."

"तुम्ही पेपर वाचा."

बाजारात किरणचं फरश्यांचं दुकान होतं. बाईंनी त्याच्यापुढे फोन धरला. फोटोत कडप्पा निळा आला होता, शहाबादी हिरवी आणि मोझॅक तर थेट खिम्यासारखी दिसत होती.

"काकू, फोटोत रंग कळत नाय," किरण म्हणाला. "एकेका फरशीचा तुकडा आणा. शेजारी ठेवून बघू, लगेच समजेल."

किरणच्या डोक्यात माळ्यावर पडलेली उरलीसुरली फरशी होती. ती बहुतेक घरांत असते. टिपणीसांकडे नव्हती, कारण सरोजिनीबाई घरात अडगळ ठेवत नाहीत. त्यांनी तुकडा म्हणजे तुकडाच ऐकला. घरी येऊन त्यांनी एका हातात बत्ता घेतला, दुसऱ्या हातात पेचकस, आणि आतल्या खोलीत मांडी घातली.

आवाज ऐकून अण्णा आले. "काय करतेस?"

"तुकडा काढतेय."

"कशाचा?"

"फरशीचा."

"आणि कशाला?"

"फरशी आणायला."

हरकत नेमकी कुठून घ्यायला सुरुवात करावी, ते अण्णांना सुचेना. तोवर गुलाबी टाइलचा कोपरा निघण्याऐवजी ती मधोमध दुभंगली. कडप्पा बराच वेळ दाद देईना, आणि दिली तेव्हा दारापासून थेट मोरीपर्यंत तडा गेला. मोझॅकच्या वेळी अण्णा "माझ्या खोलीत नाही हं" असं म्हणत दारात आडवे उभे राहिले, पण तेवढ्यात दूध उतू गेलं, ते बघायला त्यांना पाठवण्यात आलं आणि परत येईपर्यंत काम झालं होतं. ओटीवरची शहाबादी मुळातच सैल होती. तिचा तुकडा पडेना, म्हणून बाईंनी ती अख्खीच उचलली आणि रिक्षात घातली.

दुकानात ते सगळं पाहून किरणने कपाळावर हात मारला. "अवो काकू! उरलेली आणा म्हटलं होतं मी."

"उरलेली हा शब्द तू उच्चारला नव्हतास."

"पण कोण घरातली फोडतं का?"

"आता फोडली. रंग दाखव."

किरणने रंग दाखवायला घेतले. सागवानी रंग मोझॅकशी छान जुळला, पण गुलाबीशेजारी पिठल्यासारखा दिसू लागला. अक्रोडी कडप्प्याजवळ शोभला आणि शहाबादीजवळ मळकट वाटला. दुकानात नुसती टाइलची पुठ्ठ्याची खोकी उघडली जात होती आणि बाई एकेक टाइल तुकड्यांना लावून, मान तिरकी करून, "नाही" म्हणत होत्या. शेवटी एक जराशी राखाडी झाक असलेली टाइल चारही तुकड्यांच्या मध्ये ठेवली आणि बाईंची मान सरळ झाली. जुळत होती! खरोखर चौघींशी जुळत होती.

"याला काय म्हणतात?"

"ओक."

घरी अण्णांनी ते नाव ऐकलं आणि ताट पुढे सारलं. "निदान स्वयंपाकघराला चिकटून असं काही घालू नये गं."

फरशी बसवायला धाऊ आला. तो पळसदरीच्या पलीकडच्या वाडीवरचा. बैठकीची खोली त्याने सुरेख केली, मग कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरातल्या तड्याकडे बघत राहिला.

"बाई, ह्ये कसं करायचं?"

"असाच कडप्पा आणून सांध."

तसाच कडप्पा मिळाला नाही. जो मिळाला तो वेगळा काळा होता, आणि वेगळा काळा म्हणजे पाचवा रंग. म्हणून स्वयंपाकघरातही ओक घालायचं ठरलं. गुलाबी टाइल आता कुणी बनवतच नाही, असं किरणने फोनवर सांगितलं, तेव्हा आतल्या खोलीतही ओक गेली. ओटीवर शहाबादीच्या रिकाम्या जागेत पाय अडकून दूधवाला पडला, आणि ओटीचाही निकाल लागला. अण्णा मात्र आपल्या कॉटवर ठाण मांडून बसले.

"ही मोझॅक राहणार."

"कोपरा तुटलाय तिचा."

"कुणी तोडला?"

"ते आता काढून काय उपयोग? सगळीकडे एकसारखं आणि तुमच्याच खोलीत तेवढं ठिगळ. संध्या काय म्हणेल?"

कॉट अण्णांसकट ओटीवर गेली. धाऊने मोझॅक उखडली आणि विचारलं, "जुना माल कुटं टाकू?"

"घेऊन जा बाबा. डोळ्यांसमोर नको."

"समदा नेऊ?"

"सगळा."

टेंपो भरून माल वाडीवर गेला. चारही खोल्यांना शोभेल अशी फरशी मिळाली होती. ज्यांना ती शोभणार होती त्या चारही फरश्या गेल्या होत्या, पण हे बोलून दाखवायची घरात कुणाची छाती नव्हती.

गौरी आणायच्या दिवशी संध्या आली. दारात थांबली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. स्वयंपाकघरात डोकावली, आतल्या खोलीत गेली, भावाच्या खोलीतून परत आली. सरोजिनीबाईंना वाटलं, इतक्या वर्षांचं भरून पावलं. मग त्यांनी नीट पाहिलं. संध्या डोळे पुसत होती.

"वहिनी, सगळ्याच काढल्यास गं?"

"म्हणजे काय! तूच हसायचीस ना?"

"हसायची म्हणून काय झालं? सासरी माहेरच्या गोष्टी निघाल्या की मी त्या फरश्यांचंच सांगत आलेय. आता आमच्या नव्या जागेत अश्शाच चार घालतोय. आमचा फरशीवाला म्हणाला, तीच फॅशन आहे. त्याला दाखवायला आज मी इथले फोटो काढणार होते."

"अहो वन्सं, मग तसं सांगायचं ना एकदा तरी!"

"तूही हसायचीस. मला वाटलं, तुलाही आवडतंय."

सरोजिनीबाईंना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. पण नुसतं वाईट वाटून घेत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून झाल्याबरोबर त्यांनी पदर खोचला. "चला. धाऊकडे असेल सगळं. थोडे तुकडे मागून आणू. नाही म्हणाला तरी आणू."

वाडीवर धाऊ नव्हता. त्याची बायको ठकी पडवीत तांदूळ निवडत होती. तिच्या दारापुढचं अंगण पाहून दोघी जागच्या जागी थांबल्या. काळ्याला लाल, लालला गुलाबी, गुलाबीला शहाबादी, असे सगळे तुकडे एकमेकांत बसवले होते. झाडून, पुसून लख्ख केलेलं. आणि दिसत होतं इतकं सुंदर, की तुकडे मागायचं सरोजिनीबाई विसरूनच गेल्या.

"वहिनी, ती बघ! दादाच्या खोलीतली!" संध्या ओरडली आणि लहान पोरीसारखी पुढे धावली.

ठकीने सूप बाजूला ठेवून हात वर केला.

"थांबा, थांबा! चपला भायेर काढा गं बायांनो. नवी फरशी हाय."

दोघींनी मुकाट्याने चपला काढल्या.